बबल शीट घ्या, पण पत्र्याला चिकटवू नका

हवेच्या फुग्यांचं प्लॅस्टिक आणि दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमची फॉइल, एवढाच या शीटचा ऐवज. पत्र्याखालच्या खोलीतला उकाडा कमी करायला थर्माकोल किंवा ग्लासवूलपेक्षा (काचेच्या तंतूंची गादी) हीच बरी. थर्माकोल उंदरांच्या तावडीत जातो. ग्लासवूल पावसात भिजली की लोंबते.

दुकानदार ४ मिमी आणि ८ मिमी जाडीतला फरक रंगवून सांगतो. तिकडे फार लक्ष देऊ नका. तापलेल्या पत्र्याची उष्णता मुख्यतः किरणांनी खाली येते. चकचकीत फॉइल ती अडवते, पण तिच्यासमोर मोकळी हवा असेल तरच. पत्रा आणि शीट यांच्यात निदान इंचभर पोकळी हवी. थेट गोंदाने डकवली की वरची फॉइल निकामी, आणि एप्रिलमध्ये गोंद सुटून शीट डोक्यावर. एका बाजूने पांढरी असलेली शीट दिसते छान. मात्र पांढरं अंग खोलीकडे ठेवून ती पत्र्याला चिकटवली तर पैसे गेलेच म्हणायचे. खालच्या चकाकीवर ऑइलपेंट मारणारेही भेटतात, त्यांना काय सांगावं!

शीट पर्लिनच्या (पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या पट्ट्यांच्या) खालून ताणून लावा, पोकळी आपोआप मिळते. १० बाय १२ च्या खोलीला उतार आणि जोड धरून साधारण १४० चौरस फूट लागते. जोडावर दोन इंच चढवून फॉइल टेप मारा. खाकी टेप उन्हाने सुटते. नुसत्या स्क्रूभोवती शीट फाटते, म्हणून ॲल्युमिनियमची पट्टी ठेवून तिच्यातून स्क्रू मारा. टेप, पट्टी, स्क्रू सगळं मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतं. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्याला ड्रिल अजिबात लावू नका, ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाते.

पत्र्याच्या खोलीत बाहेरचा वारा शिरतो तो वेगळ्याच जागेतून. पत्र्याच्या लाटा भिंतीवर टेकतात तिथे अर्धचंद्राच्या फटी राहतात. जूनमध्ये नैर्ऋत्येच्या झडीबरोबर पाण्याचा फवाराही तिथूनच. तिथे सिमेंट भरणं ही गवंड्याची आवडती चूक आहे. पत्रा उन्हात फुगतो, रात्री आकसतो, सिमेंटला तडा जातो. लाटेच्या आकाराचा फोम कापून बसवा, कडेने सिलिकॉन. आढ्याजवळची फट मात्र बुजवू नका, जाळी लावून मोकळी ठेवा. पोकळीतली गरम हवा तिथूनच निघून जाते.

शीट लावण्याआधी गळती काढा. जे-हुकांचे (पत्रा पर्लिनला धरून ठेवणाऱ्या वाकड्या बोल्टांचे) वॉशर कडक झाले असतील तर बदला, नाहीतर पाणी शीटवर साचून पोट सुटतं आणि एक दिवस सगळं खाली येतं. शीट प्लॅस्टिकची आहे, जळते. वायरिंग पाइपातून न्या, शेगडीच्या वर शीट लावू नका.

पत्र्यावरच्या पावसाचा ताशा तिने फारसा कमी होत नाही. त्यासाठी ग्लासवूलच लागते, आणि तिच्यावर पाण्याचा थेंब पडणार नाही असं छत.