विकतची स्टोरी आणि फुकटातलं ‘स्ट्रॉय’

क्लायंटला हवं होतं ते एका वाक्यात सांगून झालं. "होम स्क्रीनवर वरती गोल गोल हवेत, टॅप केलं की स्टोरी उघडली पाहिजे. सगळीकडे असतं तसं." अ‍ॅप छोटं, कुंडीतल्या झाडांची निगा राखणाऱ्यांसाठीचं. लिहिलेलं रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये (एकाच कोडमधून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींसाठी अ‍ॅप करायचं साधन), आणि लिहिणारी मी एकटी. स्नॅपचॅटने २०१३ मध्ये स्टोरी आणली. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने ती जवळजवळ नावासकट उचलली आणि श्रेय स्नॅपचॅटचंच आहे हे इन्स्टाग्रामच्या सहसंस्थापक केव्हिन सिस्ट्रॉमने तेव्हाच मोकळेपणाने मान्य केलं. तेव्हापासून झाडांच्या अ‍ॅपलासुद्धा स्टोरी लागते. ट्विटरने ‘फ्लीट्स’ नावाने हाच प्रकार जगभर आणून वर्षाच्या आत, ऑगस्ट २०२१ मध्ये, गुंडाळला होता. हे मी क्लायंटला सांगून पाहिलं. उपयोग शून्य.

स्टोरीचा स्क्रीन दिसायला अगदी सोपा असतो. वर पट्ट्या भरत जातात, उजवीकडे टॅप केलं की पुढची, डावीकडे केलं की मागची, बोट दाबून धरलं की थांबते. लिहायला बसलं की मग कळतं. फोटो डाउनलोड व्हायच्या आधीच पट्टी धावायला लागते. मध्येच फोन आला आणि अ‍ॅप मागे गेलं तर टायमर थांबवायचा असतो, परत आल्यावर तिथूनच सुरू करायचा असतो. पुढचा व्हिडिओ आधीच आणून ठेवावा लागतो, पण पाच-सहा एकदम आणले तर स्वस्तातला फोन मान टाकतो. बोट दाबून धरणं आणि खाली ओढून बंद करणं यांची आपसात भांडणं वेगळीच. माझ्या हातात तीन आठवडे होते. म्हणून तयार कंपोनंट, म्हणजे अ‍ॅपमध्ये बसवायचा कोडचा तुकडा, विकत घ्यायचं ठरवलं. हा निर्णय चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. मी घेतलं कोणाकडून, ते चुकलं.

विकणाऱ्याची वेबसाइट चकचकीत होती. डेमोचा व्हिडिओ लोण्यासारखा सरकत होता. "एकदा पैसे भरा, कायमचं वापरा. संपूर्ण कोड आमचा स्वतःचा." खाली सवलतीचं उलटं घड्याळ टिकटिकत होतं. पान पुन्हा उघडलं की ते पहिल्यापासून सुरू होतं, हे मला फार उशिरा दिसलं. मी प्रश्न विचारला की पाच मिनिटांत उत्तर. मग म्हणाले, कार्डाऐवजी थेट बँक खात्यात भरलेत तर आणखी थोडं कमी करू. मला तो शहाणपणा वाटला. कार्डावरच्या व्यवहाराबद्दल बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागता येतात. मी तो दरवाजा स्वतःच्या हाताने बंद केला, वर त्याबद्दल खूशही झाले.

मिळालं काय? एक झिप, त्यात एकच मिनिफाय केलेली, म्हणजे धड वाचता येऊ नये इतकी आवळलेली फाइल, आणि एक लायसन्स की, म्हणजे परवान्याचा क्रमांक. लायसन्सचा मजकूर कुठेच नव्हता, फक्त की. आयफोनवर सगळं झकास चाललं. जुन्या अँड्रॉइडवर दोन व्हिडिओंच्या मध्ये क्षणभर काळं दिसायचं. विचारलं तर "पुढच्या व्हर्जनमध्ये बघतो". आता उत्तर यायला चार दिवस लागत होते.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी सगळ्यांचंच काळं झालं. गोलावर टॅप करा, काळा स्क्रीन. माझा सर्व्हर ठीक, फोटो ठीक, आणि मी तर आठवडाभर अ‍ॅपला हातही लावलेला नव्हता. मग अ‍ॅपची नेटवर्कवरची ये-जा लॅपटॉपवरच्या प्रॉक्सीतून (मध्ये बसून सगळी ये-जा दाखवणारा प्रोग्राम) बघायची ठरवली. त्यासाठी प्रॉक्सीचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखीचा डिजिटल दाखला, फोनमध्ये घालावं लागतं. अँड्रॉइड ७ पासून आपण फोनमध्ये घातलेल्या सर्टिफिकेटवर अ‍ॅप आपसूक विश्वास ठेवत नाही, त्यामुळे डीबग बिल्डमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या चाचणीच्या आवृत्तीत, तशी परवानगी घालावी लागली. प्रॉक्सी लावला आणि पहिल्याच टॅपला एक अनोळखी पत्ता दिसला. स्टोरीचा पहिला फोटो दाखवण्याआधी माझं अ‍ॅप विकणाऱ्याच्या सर्व्हरला विचारत होतं, दाखवू का? त्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत आदल्या रात्री संपलेली. कनेक्शन जुळत नव्हतं, आणि जुळलं नाही तर काय करायचं हे त्या कोडमध्ये लिहिलेलंच नव्हतं. म्हणून काळं.

दोन दिवसांनी त्यांनी सर्टिफिकेट बदललं आणि स्टोऱ्या परत दिसायला लागल्या. पण प्रॉक्सी मी चालूच ठेवला होता. आता दुसरी विनंतीही दिसली. प्रत्येक स्टोरी बंद झाली की फोनचं मॉडेल, फोटोचा पत्ता आणि ती किती सेकंद पाहिली हे सगळं त्याच सर्व्हरकडे जात होतं. आमच्या फोटोच्या पत्त्यात युजरचा क्रमांक असतो. आणि अ‍ॅप कोणती माहिती घेतं-देतं हे सांगायच्या प्ले स्टोअरच्या डेटा सेफ्टी फॉर्मवर मी ‘कोणालाही माहिती देत नाही’ असं भरलेलं. बाहेरून घेतलेली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याचा तयार कोड, काय गोळा करते याची जबाबदारीही गूगल अ‍ॅप बनवणाऱ्यावरच टाकतं. म्हणजे कागदोपत्री खोटं मी बोलत होते.

मग ती मिनिफाय केलेली फाइल उघडून बसले. मिनिफाय केलं की आतली नावं ए, बी, सी अशी होतात, पण बाहेरून द्यायच्या प्रॉप्सची (कंपोनंटला आपण पुरवतो त्या गोष्टींची) नावं तशीच राहतात. नाहीतर वापरणाऱ्याने काय लिहायचं? त्यातल्या एका प्रॉपचं नाव मी तीन महिने टाइप करत होते, प्रत्येक वेळी चरफडत. स्टोरी संपल्यावर चालणाऱ्या फंक्शनच्या नावात ‘स्टोरी’ऐवजी ‘स्ट्रॉय’ लिहिलेलं. ओ आणि आरची अदलाबदल. घाईत झालं असेल, कोणाचं होत नाही! त्या दिवशी मात्र तोच चुकीचा शब्द गिटहबच्या, म्हणजे लोक आपला कोड ठेवतात त्या साइटच्या, शोधात टाकला.

पहिल्याच पानावर सापडला. एकाच माणसाने लिहिलेली जुनी, फुकट लायब्ररी. एमआयटी लायसन्स. प्रॉप्स तेच, क्रम तोच, ‘स्ट्रॉय’ही तेच. जुन्या अँड्रॉइडवरच्या काळ्या क्षणाची तक्रारही तिथे कोणीतरी आधीच नोंदवलेली, आणि खाली तीन ओळींचा उपाय. विकणाऱ्याने स्वतःची भर घातली होती ती दोनच गोष्टींची: एक कुलूप आणि एक कान.

एमआयटी लायसन्सचा कोड विकणं हा गुन्हा नाही, हे इथे सांगायला हवं. विका, बदला, काहीही करा. अट एवढीच की मूळ कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा. यांनी नेमकं तेच काढून "कोड आमचा स्वतःचा" लिहिलं. सिस्ट्रॉमने निदान नाव तरी घेतलं होतं.

विकणाऱ्याला मूळ कोडची लिंक पाठवली, पैसे परत मागितले. उत्तर आलं, "डिजिटल वस्तू परत घेतली जात नाही." पुढच्या मेलला उत्तर नाही. माझी की मात्र आठवड्याभरात बंद झाली.

हे सगळं पैसे भरण्याआधी तासाभरात कळलं असतं, याची चुटपुट जास्त आहे. व्हिडिओ न बघता चाचणीचं बिल्ड मागायचं आणि हाताशी असलेल्या सगळ्यात रड्या अँड्रॉइडवर चालवायचं. फोटो एकदा फोनमध्ये आले की एअरप्लेन मोड लावून तीच स्टोरी पुन्हा उघडायची. तरी काळं दिसलं तर ती कोणाला तरी विचारून चालते. फाइलमध्ये ‘एचटीटीपी’, म्हणजे वेब पत्त्याची सुरुवात, शोधायचं. स्टोरी दाखवणाऱ्या कंपोनंटला स्वतःचा पत्ता लागतोच कशाला? आणि प्रॉप्सची नावं गिटहबवर टाकून बघायची. बिल्ड द्यायला कोणी टाळाटाळ केली तर तिथूनच उठायचं.

क्लायंटला सगळं सांगितलं. दोन दिवस त्यांनी माझ्याशी मोजकंच बोलून काढले. डेटा सेफ्टीचा फॉर्म दुरुस्त केला, मूळ लायब्ररी घातली, त्यातली लायसन्सची ओळ अ‍ॅपच्या ‘माहिती’ पानावर ठेवली. बदलायला अर्धा दिवस लागला, कारण नावं सगळी तीच होती.

मूळ लेखकालाही कळवलं. त्याला फारसं आश्चर्य वाटलं नाही. त्याच्या माहितीतला हा तिसरा विकणारा. जाता जाता मी विचारलं, ते ‘स्ट्रॉय’ दुरुस्त का नाही केलं? म्हणाला, लक्षात आलं तोवर लोकांच्या अ‍ॅपमध्ये जाऊन बसलं होतं, आता बदललं तर सगळ्यांचं मोडेल. माझ्या कोडमध्येही ते अजून तसंच आहे.