नगररचना की सार्वजनिक धोरण? नागपुरातून पाहताना

सप्टेंबर २०२३ मध्ये २२ आणि २३ तारखेच्या दरम्यानच्या रात्री नागपुरात काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांतील तळमजले पाण्याखाली गेले. पुढचे कित्येक आठवडे शहरात जे प्रश्न विचारले जात होते, त्यांची सरळ दोन गटांत विभागणी करता येते. पूररेषा नकाशावर कुठून जाते, नदीपात्राची रुंदी किती उरली आहे आणि तिथल्या बांधकामांना परवानगी कोणत्या नियमाखाली मिळाली, हे पहिल्या गटातले प्रश्न. तलावाच्या बांधाची देखभाल कोणत्या यंत्रणेने करायची, तिचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून यायचा आणि नुकसानभरपाईचे निकष कोणी ठरवायचे, हे दुसऱ्या गटातले. पहिल्या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचे शिक्षण नगररचनेत मिळते आणि दुसऱ्या प्रश्नांचे सार्वजनिक धोरणात. या दोहोंपैकी एक पदवी निवडू पाहणाऱ्याने त्या बातम्या पुन्हा वाचून पाहाव्यात आणि आपण कोणत्या प्रश्नापाशी थबकतो याची नोंद घ्यावी. आवडीची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

आवड ठरली तरी पोटापाण्याचा प्रश्न उरतोच, आणि नागपुरात राहून विचार करणाऱ्यासाठी खरा फरक तिथे पडतो. नगररचनेचे काम कायद्याने निर्माण केलेले आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६ प्रत्येक नियोजन प्राधिकरणावर विकास योजना तयार करण्याचे बंधन घालतो आणि वीस वर्षांतून किमान एकदा तिची सुधारणा करायला सांगतो. विद्यमान जमीन वापराचे सर्वेक्षण, प्रारूप योजनेची प्रसिद्धी, हरकती व सूचनांवरील सुनावणी, सार्वजनिक सोयींसाठी जमिनींची आरक्षणे आणि दहा वर्षांत ती जमीन संपादित न झाल्यास मालकाने कलम १२७ खाली बजावलेली नोटीस, ही साखळी अखंड चालू राहते आणि तिच्या प्रत्येक कडीला माणूस लागतो. नागपूरची २००० साली मंजूर झालेली विकास योजनाच पाहिली, तर तिची सुधारणा कायद्याच्या हिशेबाने केव्हाच देय झाली आहे. सार्वजनिक धोरणाच्या पदवीधराला असे कोणतेही कलम कामाला लावत नाही. त्याची जागा एखादा विभाग, एखादा प्रकल्प किंवा एखादी देणगीदार संस्था त्या त्या वेळी निर्माण करते आणि गरज सरली की ती मिटते.

एवढ्यावरून नगररचनेची नोकरी हमखास असे समजण्याची घाई मात्र कोणी करू नये. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात देशातील राज्यांच्या नगररचना विभागांना बारा हजारांहून अधिक नियोजनकार हवेत, मंजूर पदे चार हजारांहूनही कमी आहेत आणि त्यांतील जवळपास निम्मी रिकामी आहेत, असे चित्र मांडले होते. महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत यातील पहिला आकडा ठळक छापला जातो, दुसरा आणि तिसरा गाळला जातो. त्याच अहवालाने आणखी एका दुखण्यावर बोट ठेवले होते, ते म्हणजे अनेक राज्यांत या पदांसाठी नगररचनेची पदवी अनिवार्यच नाही. आपल्याकडे महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरल्या जाणाऱ्या सहायक नगर रचनाकार पदाला स्थापत्य अभियांत्रिकीची किंवा वास्तुशास्त्राची पदवी चालते, आणि नगररचना विभागाच्या रचना सहायक पदाला तर स्थापत्याची तीन वर्षांची पदविकाही पुरते. या रचना सहायकाची वेतनश्रेणी ३८,६०० रुपयांपासून सुरू होते. म्हणजे चार वर्षे नियोजन शिकलेला मुलगा आणि तंत्रनिकेतनातून बाहेर पडलेला मुलगा एकाच परीक्षेला शेजारी शेजारी बसतात, आणि परीक्षेला त्या चार वर्षांचे फारसे कौतुक नसते. वास्तुविशारदांना १९७२ च्या कायद्याने त्या नावापुरते तरी संरक्षण दिले आहे, नियोजनकारांना तसा कायदा नाही. १९५१ पासूनची इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया ही संस्था सभासदत्व देते आणि सल्लागारांच्या निविदांत त्या सभासदत्वाला किंमत असते, पण तो व्यवसायाचा परवाना नव्हे.

असे असूनही नागपूर न सोडता करण्याजोगे काम नगररचनेत आहे, हे मी ठामपणे लिहितो. १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेला, शहरातील जमिनींचा विकास पाहणारा नागपूर सुधार प्रन्यास, महानगरपालिकेचा नगररचना विभाग, २०१७ पासून आसपासच्या ७१९ गावांचे नियोजन पाहणारे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, मेट्रो चालवणारी महामेट्रो आणि विमानतळालगतचा मिहान प्रकल्प, एवढ्या यंत्रणा एकवटलेली शहरे राज्यात फार थोडी आढळतील. हिंगणा तालुक्यातील गोधणी आणि लाडगाव येथे सुमारे ६९२ हेक्टरवर नवीन नागपूर उभारण्याला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली आहे आणि ते काम याच महानगर प्राधिकरणाकडे आहे. या यंत्रणांचे पुष्कळसे काम सल्लागार कंपन्यांमार्फत होते. त्यामुळे नव्या पदवीधराची पहिली नोकरी बहुधा अशाच एखाद्या कंपनीतली कंत्राटी नोकरी असते. दिवसभर जीआयएस या संगणकीय नकाशाप्रणालीवर थर जुळवायचे, तलाठ्याच्या नकाशातील सर्व्हे क्रमांक उपग्रहाच्या चित्राशी ताडून पाहायचे आणि संध्याकाळी साहेबांसाठी सादरीकरण तयार करायचे, असा तो दिनक्रम असतो. तो कंटाळवाणा वाटला तरी शहर हाताखालून जाते, आणि पाच वर्षांनी कोणत्या नाल्यावर कोणता अभिन्यास (लेआऊट) बसला आहे हे तोंडपाठ झालेले असते.

खासगी बाजारही इथे आपल्या पद्धतीचा आहे. नागपुरात प्लॉट विकत घेणारा पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न म्हणजे ‘आरएल झाले का?’ (म्हणजे प्लॉट नियमानुसार असल्याचे प्राधिकरणाचे पत्र मिळाले का?) गुंठेवारीचा, म्हणजे विनापरवाना पाडलेले छोटे प्लॉट नियमित करण्याचा २००१ चा कायदा, शहरातील ५७२ आणि १९०० अनधिकृत लेआऊटचे नियमितीकरण, डिसेंबर २०२० मध्ये आलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आणि महारेरा या गृहप्रकल्प नियामकाकडील नोंदणी या सगळ्यांचा अर्थ लावून देणाऱ्या माणसाला विकासक आणि गृहनिर्माण संस्था पैसे देतात. ही वाट शिक्षणसंस्थांच्या माहितीपत्रकात कधीच नसते, पण इथले अनेक नियोजनकार निम्म्याहून अधिक कमाई याच वाटेने करतात, असा माझा अनुभव आहे.

सार्वजनिक धोरणाचा प्रवास नागपुरात सुरू होत नाही, झालाच तर तो इथे परत येऊन स्थिरावतो. नियोजनासाठी नागपूरच्याच व्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, ‘गेट’ ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन प्रवेश घेतल्यास दरमहा १२,४०० रुपयांचे विद्यावेतन मिळते, आणि बाहेर जायचे ठरवले तरी भोपाळची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर रेल्वेने अर्ध्या दिवसाच्या आत आहे. धोरणाच्या नावाजलेल्या पदव्या मात्र टाटा समाजविज्ञान संस्था किंवा बंगळुरूचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ अशा बाहेरगावच्या संस्थांत आहेत, आणि खासगी ठिकाणी शुल्क, घरभाडे व दोन वर्षांची बुडालेली मिळकत मिळून मध्यमवर्गीय कुटुंबाला कर्ज काढावे लागते. त्या कर्जाचा हप्ता पहिल्या नोकरीची निवड करतो. आपल्या भागातल्या संस्थेत काम करण्याची इच्छा असलेला मुलगा दिल्लीच्या सल्लागार कंपनीत जातो तो बहुतेक वेळा याच कारणाने.

धोरणाच्या बाजूची सर्वांत जिवंत गोष्ट म्हणजे छात्रवृत्त्या. राज्याच्या मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये साठ जणांची निवड होते. वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के गुण, एक वर्षाचा अनुभव आणि मराठीचे ज्ञान या तिच्या अटी आहेत, आणि २०२५-२६ साठी मानधन व प्रवासखर्च मिळून दरमहा ६१,५०० रुपये ठरवण्यात आले. पहिल्या पगाराच्या मानाने हा आकडा रचना सहायकाच्या मूळ वेतनाहून बराच मोठा दिसतो, परंतु त्याची मुदत बारा महिन्यांची असते. शिवाय ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली, मध्यंतरी सत्तांतरानंतर बंद पडली आणि २०२३ मध्ये पुन्हा आली, हे विसरून चालणार नाही. ज्या क्षेत्राचे प्रवेशद्वारच सरकार बदलले की मिटू शकते, त्या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्याने दुसरे दार आधीच पाहून ठेवलेले बरे. संसदेतील खासदारांसोबत जवळपास वर्षभर काम करण्याची लॅम्प फेलोशिप हे तसे एक दार आहे, तिलाही वयाची मर्यादा २५ आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात किंवा मंत्र्यांच्या कार्यालयात काढलेले एक वर्ष मात्र जे शिकवते ते वर्गात शिकवता येत नाही. टिप्पणी कशी लिहावी, वित्त विभागाचा नकार कोणत्या शब्दांत येतो आणि हिवाळी अधिवेशनाच्या दोन आठवडे आधी सिव्हिल लाइन्समधील कार्यालयांत फायली अचानक का पळू लागतात, हे तिथेच कळते.

दोन्ही क्षेत्रांतील सत्तेचे नाते समजण्यासाठी नागपूर सुधार प्रन्यासाचेच उदाहरण पुरेसे आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने प्रन्यास बरखास्त करून त्याचे काम महानगरपालिकेकडे देण्याचा निर्णय घेतला, आणि नंतर तो निर्णय फिरवून प्रन्यास पुन्हा कार्यरत केला. गुंठेवारीच्या फायली या कार्यालयातून त्या कार्यालयात गेल्या आणि परत आल्या. या काळात तेथील नियोजनकारांचे कौशल्य कमी झाले नव्हते वा वाढले नव्हते, नकाशेही तेच होते. फक्त त्या नकाशांवर सही कोणी करायची हे दुसरीकडे ठरत होते. ज्यांना ती ‘दुसरीकडची’ जागा खुणावते त्यांनी धोरणाकडे जावे, पण तिथे आपले नाव कुठेही न उमटता काम करण्याची तयारी ठेवावी. नियोजनकाराची सही निदान नकाशाच्या कोपऱ्यात राहते.

माझे स्वतःचे झुकते माप नगररचनेकडे आहे. स्थापत्य किंवा वास्तुशास्त्र झालेल्या, घरची जबाबदारी असलेल्या आणि विदर्भातच राहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने व्हीएनआयटी किंवा भोपाळचा विचार करावा, धोरणाची समज नंतर नोकरी सांभाळून मिळवता येते. उलट क्रमाने जाणे कठीण आहे, कारण नकाशा वाचायला तिशीनंतर शिकणारे लोक मी फारच थोडे पाहिले आहेत. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा विधी शाखेच्या पदवीधराचे गणित वेगळे आहे. नियोजनाच्या पदव्युत्तर वर्गात काही ठिकाणी त्यालाही प्रवेश मिळतो, पण लोकसेवा आयोगाच्या नगररचनेच्या पदांसाठी तांत्रिक पदवी लागत असल्याने सरकारी दार त्याच्यासाठी बंदच राहते. त्याने धोरणाची पदवी घ्यावी, किंवा त्याहून सरळ म्हणजे राज्यसेवा परीक्षेतून नगरपरिषदेच्या मुख्याधिकारी पदाकडे पाहावे. उमरेड, काटोल किंवा कामठीसारख्या गावात मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर विकास योजना आणि अर्थसंकल्प एकाच दिवशी येतात, आणि तिथे कोणतीही पदवी चालते.

वेळापत्रकाचा हिशेबही आधीच करून ठेवावा. गेटचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते, त्यामुळे शेवटच्या वर्षाला असलेल्याला निर्णयासाठी दिवाळीपर्यंत थांबता येत नाही. मुख्यमंत्री फेलोशिपसाठी लागणारा एक वर्षाचा अनुभव पदवीनंतरच्या पहिल्या नोकरीतून मिळतो. म्हणून ज्याचे मन अजून दोन्हीकडे आहे, त्याने गेटचा अर्ज भरून ठेवावा आणि त्या वर्षी एखाद्या नियोजन सल्लागाराकडे काम धरावे. नगररचना निवडली तर तो अनुभव वाया जात नाही, आणि धोरण निवडले तर पात्रतेची अट पूर्ण झालेली असते.