मूळ कंपनी रंगाचे प्रमाणपत्र आणि माझे २,७९,९०० रुपये

जुन्या गाड्यांचा मूळ रंग शोधून देतो असे सांगणाऱ्या एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून २,७९,९०० रुपये घेतले आणि आमच्या १९६९ सालच्या फियाट ११०० डिलाइटवर तिच्या अंगावर कधीही नसलेला हस्तिदंती रंग चढवून गाडी परत केली. आगाऊ रक्कम ६५,००० रुपये, ‘परदेशातून मागवलेल्या’ बारा लिटर रंगाचे १,१२,४०० रुपये, रंगाचा कंपनी क्रमांक, म्हणजे कारखान्याने त्या रंगाला दिलेला क्रमांक, शोधून प्रमाणपत्र देण्याचे १८,५०० रुपये आणि मजुरी ८४,००० रुपये, असा हा हिशेब आहे. डेंटिंग-पेंटिंगमध्ये पुट्टी जास्त आणि पत्र्याचे काम कमी, एवढी लबाडी बहुतेकांना ठाऊक असते आणि तिच्याबाबत मी सावधच होतो. रंग कोणता होता, या प्रश्नाचे उत्तरच कोणी खोटे विकत असेल, हे मात्र मी कधी ऐकले नव्हते, म्हणून हे लिहीत आहे.

ही गाडी वडिलांची. तिच्यावर मधल्या काळात किमान दोनदा रंग मारला गेला होता आणि घरात फोटो होते ते सगळे कृष्णधवल. त्यामुळे मूळ रंग ओळखण्यासाठी जाणकाराची गरज होती, ही माझी हौस नव्हती. या माणसाने फियाटच्या जुन्या रंगांविषयी इतक्या सफाईने सांगितले, त्या काळचा, नुसता थिनर उडून वाळणारा नायट्रोसेल्युलोज लॅकर आणि आजचा हार्डनर (रंग कडक करणारे रसायन) घालून मारायचा पॉलियुरेथेन रंग यांतला फरक इतका नीट समजावला, की शंका घ्यायला जागा उरली नाही. नंतर त्याने चेसिस क्रमांकावरून रंगाचा कंपनी क्रमांक काढल्याचे सांगून एक छापील प्रमाणपत्र दिले. त्यावर शिक्का होता, सही होती आणि हस्तिदंती रंगाचा एक चौकोन चिकटवलेला होता. १८,५०० रुपये त्या कागदाचे. कागद देणाऱ्याला आधी हे विचारा, की हा क्रमांक कोणत्या नोंदवहीतून आला, आणि ती नोंदवही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

ज्या क्षणी हे सगळे उघडे पडायला हवे होते, तो क्षण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दाराचे आतले पॅड काढले होते आणि रबरी बीडिंग सोलले होते. बीडिंगखाली, ऊन कधीच न पोहोचलेल्या पट्टीवर, फिकट हिरवा रंग होता. मी ओल्या अंगठ्याने ती जागा पुसली आणि ती चकाकली. मी त्याला बोलावून दाखवले. तो क्षणभरही अडखळला नाही. म्हणाला, “साहेब, हा झिंक क्रोमेट प्रायमर आहे, तो हिरवटच असतो.” प्रायमर म्हणजे रंगाआधी पत्र्यावर मारायचा अस्तराचा थर. आता यात अर्धे खरे आहे, आणि तेच त्याचे हत्यार होते. झिंक क्रोमेट प्रायमर पिवळसर हिरवा असतो हे खरेच आहे, घरी येऊन मी ते पडताळूनही पाहिले. पण प्रायमर मंद असतो, त्याला रंगासारखी चकाकी येत नाही. ती पट्टी चकाकत होती, माझ्या अंगठ्याखाली चकाकत होती, आणि मी ती पाहिली होती. एवढी बारीक गोष्ट ज्याचा हा धंदा नाही त्याला कशी कळावी? चाळीस गाड्या रंगवल्याचे सांगणारा माणूस समोर उभा राहून ठामपणे बोलत असताना, आयुष्यात एकच गाडी उकललेला मालक त्याच्याशी कोणत्या आधारावर वाद घालणार होता? आरसी बुकात रंगाच्या रकान्यात ‘ग्रीन’ लिहिले होते, तेही मी त्याच्यासमोर ठेवले. मधल्या एखाद्या मालकाने रंग बदलून नोंद केली असेल, असे तो म्हणाला. गाडी पहिल्यापासून आमच्याच घरात आहे, हे सांगितल्यावर कारकुनाने चुकून लिहिले असेल, असे म्हणाला. प्रत्येक प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर तयार होते, आणि आज मला वाटते की इतकी तयार उत्तरे हीच मोठी खूण होती.

मूळ रंग प्रमाणपत्रात सापडत नाही, तो गाडीतच सापडतो. डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या पॅडखाली, डिकीतल्या टाकीच्या आड, बिजागऱ्यांच्या खाचेत पाहा. अशा जागी बारीक पॉलिश पेपरने गोल घासत गेले की झाडाच्या खोडातल्या वलयांप्रमाणे एकेक थर कडेने उघडा पडतो आणि पत्र्यावरच्या प्रायमरनंतरचा पहिला चकाकणारा थर हा कारखान्यातला रंग असतो. त्या थरावर थोडे कंपाउंड (पॉलिश करायची पेस्ट) चोळून वर साचलेला मळ काढा आणि तोच तुकडा रंग जुळवणाऱ्या दुकानात न्या. तिथे स्पेक्ट्रोफोटोमीटरने, म्हणजे रंग मोजण्याच्या यंत्राने, मोजून मिश्रण करून मिळते आणि त्याला १,१२,४०० रुपये लागत नाहीत. शिवाय बारा लिटर कशासाठी? एवढ्या लहान गाडीला आतून-बाहेरून चार-पाच लिटर रंग पुरतो.

नमुना त्याने मला ट्यूबलाइटखाली दाखवला. प्रमाणपत्रावरचा चौकोन आणि रंगवलेला पत्रा तिथे तंतोतंत जुळत होते. बाहेर उन्हात नेऊ या म्हटल्यावर, थर ओला आहे, धूळ बसेल, असे कारण त्याने दिले. दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात, कारण त्यांतली रंगद्रव्ये वेगळी असतात. उन्हात नमुना दाखवायला जो नकार देईल, त्याच्याकडून गाडी त्याच दिवशी उचला.

सत्य कळले ते जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात. तिथे एक स्टँडर्ड हेरल्ड उभी होती, नेमकी त्याच हस्तिदंती रंगाची. मालकाशी बोललो, तर तेच गॅरेज, तेच प्रमाणपत्र आणि रंगाचा क्रमांकही तोच. फियाट मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनत होती आणि हेरल्ड मद्रासला. दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना एकच रंग आणि एकच कंपनी क्रमांक असण्याचे काहीही कारण नाही. या माणसाजवळ एकाच रंगाचा मोठा साठा होता आणि येईल त्या गाडीचा ‘मूळ रंग’ म्हणून तो तेच डबे खपवत होता. मग थिनरमध्ये भिजवलेले फडके मी चाकाच्या आतल्या कडेवर काही वेळ दाबून ठेवले. नीट वाळलेला हार्डनरचा रंग थिनरला दाद देत नाही. हा रंग मऊ पडून फडक्यावर उतरला. पॉलियुरेथेन म्हणून पैसे घेऊन त्याने साधा रंग मारला होता. पावसाळ्यानंतर दारांखालच्या पट्टीवर फोड आले. एक फोडला, तर खाली पुट्टी आणि पुट्टीखाली न काढलेला गंज. पत्रा उघडा करून दाखवल्याशिवाय प्रायमर मारू देऊ नका.

पोलीस ठाण्यात मला अर्धा दिवस बाकावर बसवून ठेवले आणि हा दिवाणी वाद आहे असे सांगून परत पाठवले. काम बिघडले असते तर तो दिवाणी वाद झाला असता. इथे पहिल्या दिवसापासून खोटा कागद दाखवून पैसे काढले गेले, आणि यालाच भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणूक म्हणते. हेरल्डच्या मालकाचे प्रमाणपत्र मी सोबत नेले होते, दोन्ही क्रमांक शेजारी ठेवले होते. अधिकाऱ्यांनी ते हातात घेतलेसुद्धा नाही. “रंगच आहे ना, दुसरा मारून घ्या,” हे त्यांचे उत्तर. जवळपास पावणेतीन लाख रुपयांच्या फसवणुकीवर वर्दीतला माणूस असे बोलतो, तेव्हा तो चोराला मोकळे रान देतो. ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, हे मला तिथल्या एकाही माणसाने सांगितले नाही. ते मी स्वतः वाचून शोधले, अर्ज पाठवला, आणि त्याला अजून उत्तर नाही.

परिवहन कार्यालयाने तर घावावर मीठच चोळले. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आहे, तिचे नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, आणि त्यासाठीच मी हा सारा खर्च केला होता. खिडकीवर सांगण्यात आले की पुस्तकात गाडी हिरवी आहे, समोर हस्तिदंती आहे, तेव्हा आधी रंगबदलाची नोंद करा. म्हणजे जो रंग फसवून लावला गेला, तो मी माझ्या सहीने कायम करायचा. वरिष्ठांना भेटायचे म्हटले, तर ते दौऱ्यावर. लेखी कारण मागितले, तर ते देण्याची पद्धत नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत. वस्तूची तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो, आणि मला तारखेमागून तारीख मिळत आहे. समोरच्याचा वकील विचारतो, पक्के बिल कुठे आहे. बिल त्याने दिले नाही. माझ्याजवळ बँकेतून गेलेल्या रकमांची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला हाताने लिहिलेला अंदाज आहे, आणि सध्या तेवढ्यावरच प्रकरण उभे आहे. रंगाचे नाव, प्रकार, लिटर आणि थरांची संख्या लिहिलेले बिल काम सुरू होण्याआधी घ्या. रोख तर मुळीच देऊ नका.

ज्यांच्याजवळ असे हस्तिदंती चौकोनाचे प्रमाणपत्र असेल, त्यांनी त्यावरचा क्रमांक दुसऱ्या मालकांच्या कागदाशी ताडून पाहावा आणि संतापाच्या भरात गाडी लगेच खरवडून घेऊ नये. आयोगाने प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याचा आदेश दिला, तर तो देण्यासाठी निदान एक दार, रिकामे डबे आणि डब्यांवरची लेबले जशीच्या तशी ठेवावीत. माझ्या गाडीचे उजवे मागचे दार मी त्यासाठीच तसेच ठेवले आहे.