एनएफएसचे ट्रेसपॉइंट: काम झकास, नावांचा घोळ

ओएस अपग्रेड केल्यापासून लोकांची एकच रड, दादा, नेटवर्क शेअरवरची मोठी फाईल उघडायला जाम वेळ लागतो. नेटवर्कवाला म्हणे स्टोरेज बघा, स्टोरेजवाला म्हणे नेटवर्क बघा, मधल्या मध्ये माझा फुटबॉल. शेवटी लिनक्स कर्नलमधले (ओएसच्या गाभ्यातले) एनएफएसचे, म्हणजे नेटवर्कवरून फाईली वाटायच्या सोयीचे, ट्रेसपॉइंट (आत काय चाललंय त्याची ओळ छापणाऱ्या जागा) चालू केले आणि दहा मिनिटांत सोक्षमोक्ष. पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते सांगतो.

इन्स्टॉल काही करायचं नाही, रूट होऊन /सिस/कर्नल/ट्रेसिंग मध्ये जायचं, हव्या त्या इव्हेंटच्या (एकेका ट्रेसपॉइंटच्या) इनेबल फाईलीत 1 टाकायचा आणि ट्रेस_पाइप फाईल कॅट करून (स्क्रीनवर ओतून) बघत बसायचं. एनएफएस_इनिशिएट_रीड (रीड सुरू होतानाचा इव्हेंट) लावला तर धडाधड ओळी, फाईलचा नंबर, ऑफसेट (फाईलीत कुठून वाचायचं ते), आणि जिकडेतिकडे काउंट=131072, म्हणजे एका रिक्वेस्टला तेवढेच बाइट. अरे, माउंटला आरसाइझ (एका रिक्वेस्टला जास्तीत जास्त किती बाइट मागायचे ते) 1048576 आहे ना! म्हणजे टेम्पो भाड्याने घेऊन पिशवी-पिशवी भाजी आणत होतो. 5.4 कर्नलपासून एनएफएसचं डिफॉल्ट रीडअहेड (पुढचं किती आधीच वाचून ठेवायचं ते) 128 केबी झालंय, आधी आरसाइझच्या 15 पट असायचं. रीड_अहेड_केबी ही सेटिंग वाढवली, काउंट 1048576, रड बंद.

आता नावं, स्टार कापला तो यापायी. पूर्ण झालेल्या रीडचा इव्हेंट म्हणजे एनएफएस_रीडपेज_डन, मला वाटलं मेमरीच्या पानागणिक एक ओळ येईल, पण ती येते अख्ख्या रिक्वेस्टला, म्हणजे माझ्या केसमध्ये 4 केबीची 32 पानं मिळून एक. 5.19 कर्नलमध्ये रीडपेज हे पान वाचायचं फंक्शन जाऊन रीड_फोलिओ (फोलिओ म्हणजे एक किंवा अनेक पानांचा गठ्ठा) आलं तरी इव्हेंटचं नाव एनएफएस_एओपी_रीडपेजच. नवा इव्हेंट टाकणं तसं सोपं, क्लास (सारख्या इव्हेंटांचा साचा) तयार असला तर दोन-चार ओळींचं काम, पण एकदा नाव बाहेर गेलं की लोकांच्या स्क्रिप्टा त्यावर उभ्या राहतात आणि मग हात लावायची भीती (पॉवरटॉप या वीजवापर बघायच्या टूलच्या वेळी ट्रेसपॉइंटमधला बदल मागे घ्यावा लागला होता).

आणि रीडच्या सुरू-संपलेच्या ओळींची जोडी आपणच ऑफसेट बघून लावायची, रिक्वेस्टला नंबर नाही. 5.13 मध्ये आलेल्या नेटएफएस लायब्ररीत (नेटवर्क फाईलसिस्टिमांचा सामायिक कोड) हे नीट केलंय, तिच्या नेटएफएस_एसरेक इव्हेंटमध्ये आर= पुढे रिक्वेस्टचा नंबर आणि चौकटी कंसात तिच्या तुकड्याचा.

फाईलचं नाव दिसत नाही हं, ओळीतल्या फाईलआयडीतला शेवटचा आकडा घेऊन फाइंड कमांडला -आयनम (या नंबराची फाईल शोध) म्हणून द्या.