भेटीची गोधडी आणि ऑर्डरीची गोधडी
नाशिकच्या थंडीत बाळंतविड्यात द्यायची गोधडी आणि ऑर्डरीवर शिवलेली गोधडी यांचा टाका एकच, धावदोऱ्याचा. फरक पडतो तो कापडात. भेटीसाठी आजीचे विरलेले नऊवारी लुगडे घ्यावे, कारण सुमारे ८ मीटरच्या त्या सुती कापडाचे घड्या घालून सहज चार थर होतात आणि वर्षानुवर्षांच्या धुण्याने ते इतके मऊ झालेले असते की सुई कुठेच अडखळत नाही. ऑर्डर देणारे बहुधा नवे कापड मागतात. ते आधी भिजवून आटवले नाही, तर पहिल्याच धुण्यात गोधडी आखडते. माझी एक अशीच परत आली होती. येवल्याची जुनी पैठणी कोणी आणून दिली, तर मी ती फक्त किनारीला लावते, कारण रेशीम आणि जरतार रोजचे धुणे सोसत नाहीत. तान्ह्या बाळासाठी मात्र, ऑर्डर असली तरी, मी लुगड्याचीच सुचवते.