मोकळं फिरणारं की गिअरवर फिरणारं? घरच्या पॉलिशिंगसाठी दोन प्रकारच्या डीए मशीनचा आढावा

रोटरी, म्हणजे पॅड एकाच अक्षावर गरगर फिरवणारं पॉलिशिंग मशीन, मी सुरुवातीलाच बाजूला ठेवतो. सुट्टीच्या दिवशी हौसेनं स्वतःची गाडी चमकवणाऱ्याला त्यानं रंगावर उमटणारे होलोग्राम, म्हणजे उन्हात दिसणारे चमकते पट्टे, काढत बसायची हौस सहसा नसते, त्यामुळे तो फिरून फिरून ड्युअल अ‍ॅक्शनवरच, म्हणजे पॅड एकाच वेळी दोन प्रकारे हलवणाऱ्या डीए मशीनवरच येतो. खरा घोळ त्यानंतर होतो. डीए म्हणजे एकच काहीतरी असं समजून माणूस दुकानात जातो आणि तिथे दोन जाती समोर येतात: पॅड मोकळं फिरणारी आणि पॅड गिअरनं सक्तीनं फिरवणारी. दोन्ही मी वापरल्या आहेत आणि आता घरात त्यातली एकच आहे. कोणती ते ओघात कळेलच.

मोकळ्या मशीनमध्ये मोटर पॅडला फक्त मध्यापासून थोडं सरकवून घुमवते. पॅड त्याच वेळी स्वतःभोवतीही फिरतं, पण ते बेअरिंगमधल्या घर्षणामुळे, घुमण्याच्या ओघात. त्याला फिरवायला दुसरं कुणी नसतं. गिअरच्या मशीनमध्ये या दोन्ही हालचाली दातेरी चाकांनी बांधलेल्या असतात. मोटर चालू आहे तोवर पॅड फिरणारच. मोकळ्या जातीत थ्रो, म्हणजे पॅड ज्या वर्तुळात घुमतं त्याचा व्यास, मोठा मिळतो, १५ किंवा २१ मिमी. गिअरच्या जातीत तो बहुधा लहान असतो. इटलीची रुपेस आणि जर्मनीची फ्लेक्स या दोघीही दोन्ही जाती बनवतात. रुपेसची बिगफूट एलएचआर १५ आणि २१ मोकळी, तर मिले ५ मिमी थ्रोची गिअरवाली. फ्लेक्सचं जुनं ३४०१ हे ८ मिमीचं गिअरवालं. म्हणजे एक जात चांगली आणि दुसरी वाईट, असं बनवणाऱ्यांनाही वाटत नाही.

बॉनेट, टप आणि डिकीच्या झाकणावर मोकळं मशीन निर्विवाद सुखाचं आहे. मोठ्या थ्रोमुळे एका फेरीत बरीच जागा उरकते, मशीन हातात तरंगल्यासारखं चालतं, ओढाताण नाही. दुपारभर काम केलं तरी मनगट कुरकुरत नाही. मऊ, गडद रंगावर शेवटचा हात मारताना तर त्याचं काम जास्त नितळ येतं, असं माझं मत आहे. मोजायला माझ्याकडे यंत्र नाही, डोळे आणि एक बरा टॉर्च आहे, तेव्हा हे मत तेवढंच समजावं. गाडी नुसत्या सपाट पत्र्याची असती, तर हा लेख इथेच संपला असता.

पण गाडीला दारं असतात. दाराच्या खालच्या अंगाला आत गेलेली खोलगट रेघ असते. चाकावरचा फेंडर फुगलेला असतो, मागचा बंपर दोन्ही टोकांना वळलेला, आरशाखाली आणि हँडलभोवती वेगळीच वळणं. तिथे मोकळं पॅड स्टॉल होतं. मशीन गुणगुणत राहतं, हाताला कंप जाणवत राहतो, पॅड जागच्या जागी थरथरतंही, पण फिरायचं थांबलेलं असतं. कारण साधं आहे. खोलगट जागेत पॅडचा मधला भाग टेकत नाही, फक्त कड टेकते. कडेला बसलेला ब्रेक मध्यापासून सगळ्यात लांब, म्हणून सगळ्यात जोरकस. पॅडला फिरवणारं तर कुणी नाहीच. थ्रो जितका मोठा तितकं हे लवकर होतं, त्यामुळे बॉनेटवर राजा असलेलं २१ मिमीचं मशीन दारावर आल्यावर १५च्याही आधी हात टेकतं.

यावर उपाय आहेत आणि मी ते सगळे करून पाहिले. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड ज्या चकतीवर चिकटतं तिच्या, कडेला मार्करनं एक रेघ ओढायची, म्हणजे पॅड फिरतंय की नाही ते दिसतं. पॅड लहान आणि पातळ घ्यायचं. दाब कमी करायचा, वेग एक आकडा वाढवायचा. कंपाउंडनं, म्हणजे ओरखडे काढायच्या जाडसर पॉलिशनं, गच्च भरलेलं पॅड जास्त अडतं, म्हणून ते दर पॅनलला ब्रशनं किंवा हवेनं साफ करायचं. काही मशीनमध्ये प्लेटच्या मागची रबरी झालर प्लेटला घासून मुद्दाम थोडा अडथळा देते, नाहीतर पॅड हवेत सुसाट सुटेल. हौशी लोक तिथे पातळ वॉशर टाकून तो अडथळा कमी करतात. हे सगळं थोडं थोडं उपयोगी पडतं. पण दाब कमी केला की काप, म्हणजे ओरखडे घासून काढायची ताकद, तीही कमी होते, आणि कठीण क्लिअर कोटवरच्या (रंगावरच्या पारदर्शक थरावरच्या) स्वर्लसाठी, म्हणजे बारीक गोलाकार ओरखड्यांसाठी, तो दाब तर हवाच असतो. तीन इंची पॅडचं लहान मशीन वेगळं घ्या, असंही सांगतात. घ्यावं की! पण मग आपण एका मशीनची निवड करतच नाही आहोत.

मला सगळ्यात खुपलं ते मात्र स्टॉल होणं नव्हे, तर ते कळत नाही हे. आवाज तोच, कंप तोच, पॅनलवर कंपाउंडचा थर पसरताना दिसतो तोही तसाच. लक्ष सगळं त्या मार्करच्या रेघेवर. पत्रा बघायचा, कोपरा बघायचा, वायर गाडीला घासत नाही ना ते बघायचं, आणि वर ही रेघ. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून टॉर्च मारला की बॉनेट आरशासारखं आणि दाराच्या पोटात स्वर्लची जुनी कोळ्याची जाळी जशीच्या तशी. पॉलिशमधल्या तेलांनी ती तेवढ्यापुरती झाकलेली असते, त्यामुळे न पुसता उठलं तर दिसतही नाही. आठवड्याभरानं धुतल्यावर वर येते. कुठे काम झालं आणि कुठे नुसतीच थरथर झाली, याचा हिशोब लागत नाही. हौसेचा वेळ हिशोबात जायला लागला की मला ती हौस वाटेनाशी होते.

गिअरच्या मशीनवर ती रेघ ओढावीच लागत नाही. खोलगट दारावर, फेंडरच्या कमानीवर, बंपरच्या वळणावर पॅड फिरतच राहतं. त्यामुळे एखाद्या जागी चार फेऱ्या मारल्या म्हणजे चार फेऱ्यांचं काम झालं, एवढी खात्री मिळते. काप जास्त मिळतो, म्हणून मला त्याच स्वर्लसाठी सहसा आक्रमक मायक्रोफायबर पॅडऐवजी फोमच पुरतो. मायक्रोफायबरचा धुरकटपणा मागे राहिला नाही की पुढचं फिनिशिंगही हलकं होतं. मोकळ्या मशीनच्या नितळपणाचा फायदा माझ्या बाबतीत इथे बराचसा फिटतो.

आता त्याची दुसरी बाजू, आणि ती लहान नाही. मोकळ्या पॅडचं थांबणं वैताग देतं, तसंच ते वाचवतंही. कडेवर, पॅनलच्या धारेवर नवशिक्याचा हात जास्त रेंगाळला तर मोकळं पॅड आपणहून फिरायचं थांबतं. गिअरवालं थांबत नाही. कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यात वरचा क्लिअर कोट ३५ ते ५०च्या आसपास, आणि धारेवर तो आणखी पातळ. म्हणून प्रत्येक ठळक धारेवर मास्किंग टेप, आणि काळ्या खरखरीत प्लास्टिकवर, रबरी पट्टीवरही. मोकळं पॅड त्या प्लास्टिकला टेकलं तर बहुधा नुसतं अडतं. गिअरवालं तिथे पांढरट डाग आणि घासल्याची खूण ठेवून जातं. प्लास्टिकच्या बंपरवर आणखी एक गोष्ट: पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक पसरवत नाही, त्यामुळे तिथे वेग उतरवायचा आणि मध्येमध्ये हाताची पाठ लावून बघायचं.

शिवाय ते ओढतं. पॅड एका ठरलेल्या दिशेनं फिरत असल्यामुळे, ते जराही तिरकं टेकलं की मशीन एका बाजूला चालायला लागतं. सुरुवातीला यानं खांदा दुखतो. पॅड अगदी सपाट धरलं की ओढ जवळजवळ नाहीशी होते, आणि ओढ म्हणजे पॅड तिरकं झाल्याची सूचना, असं हात शिकतो. मला तर ती रेघेपेक्षा बरी सूचना वाटते, कारण ती डोळ्यांकडून काही मागत नाही. आवाज मात्र जास्त आहे, गिअरची घरघर कानाला नकोशी होते. कानात बोळे घालून काम करतो.

हे सगळं वाचूनही काहींनी मोकळंच घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. गाडी चौकोनी, सपाट पॅनलची असेल तर. वर्षातून एकदा एकाच टप्प्याच्या पॉलिशनं थोडी झळाळी आणायची एवढंच काम असेल तर. रंग आधी बऱ्याचदा पॉलिश झालेला असेल, किंवा कुठे पॅनल पुन्हा रंगवलेलं असून त्याची जाडी ठाऊक नसेल, तर नक्कीच. घरात आणखी कुणी उत्साहानं मशीन हातात घेणार असेल तरीही. पण गोलाकार गाडी, कठीण क्लिअर कोट आणि धुण्याच्या चुकीच्या पद्धतीनं पडलेली दाट जाळी, हे तिन्ही एकत्र असेल तर मी तरी गिअरकडेच बोट दाखवीन. थ्रो लहान म्हणून बॉनेटला थोडा जास्त वेळ लागेल, तो लागू द्यावा.

घेण्याआधी त्या मॉडेलला लहान बॅकिंग प्लेट बसते का, हे बघून घ्या. सगळ्यांना बसत नाही, आणि मोठ्या प्लेटवर ही जात खिडक्यांमधल्या खांबांजवळ फार अवघडते. घरी आणल्यावर पहिला हात दारावर नको. बॉनेटच्या मधोमध, धारांपासून लांब, दोन वितींचा चौकोन टेपनं आखा, मऊ फोम आणि हलकं पॉलिश घ्या, वेग मधल्या आकड्याच्याही खाली ठेवा. आधी पॅड टेकवायचं, मग बटण दाबायचं, नाहीतर पॉलिश भिंतीपर्यंत उडतं. मशीन कुठल्या बाजूला जाऊ पाहतंय ते हाताला नीट कळलं की मग फेंडरकडे वळा.