नागपुरातली एक नाट्यव्यवस्थापन सेवा: हौशी संस्थांनी घ्यावी का?

या सेवेकडे काम घेऊन गेलं की पहिला प्रश्न पैशाचा येत नाही. पहिला प्रश्न असतो, ‘संहितेत काळोख किती वेळा आहे?’ मग पुढचे. उजव्या विंगेतून किती प्रवेश आहेत? मंचावर दिवा, उदबत्ती, सिगारेट काही पेटतं का? सर्वांत उंच नट किती फुटांचा? शेवटचा प्रश्न ऐकून नवखे गोंधळतात. पण सव्वासहा फुटांच्या चौकटीतून सहा फुटी नट फेटा बांधून येणार असेल, तर ती चौकट आजच बदलायला हवी, प्रयोगाच्या दुपारी नाही.

धंतोलीतल्या दोन खोल्यांतून चालणारी ही सेवा एका ज्येष्ठ दिग्दर्शकाची आहे. तीसेक वर्षं हौशी रंगभूमीवर दिग्दर्शन, त्याच काळात एका संस्थेत सांस्कृतिक कार्यक्रमांची जबाबदारी, आणि निवृत्तीनंतर हे काम. नागपूरला असा मेळ नवा नाही. पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी इथे रंजन कला मंदिर उभं केलं आणि आकाशवाणीची नोकरीही केली. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं मुख्यालय १९८६ पासून याच शहरात आहे. त्यामुळे तालमीही घेतो आणि फायलीही सांभाळतो असा माणूस इथल्या नाटकवाल्यांच्या ओळखीचा आहे. मात्र हे दोन्ही हात एकाच प्रयोगासाठी भाड्याने मिळणं दुर्मीळ, आणि या सेवेची खरी किंमत तिथेच आहे. निव्वळ व्यवस्थापक पैसे मोजतो. दिग्दर्शन केलेला व्यवस्थापक मंचावरचा वेळ मोजतो.

कागदपत्रांपासून सुरुवात करू, कारण हौशी संस्था सर्वांत जास्त अडकतात त्या इथेच. संहिता आधी तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणि लेखकाचं संमतीपत्र हे दोन कागद हातात आल्याशिवाय ही मंडळी सभागृहाची तारीख पक्की करत नाहीत. क्रम उलटा केला तर अनामत भरून बसायचं आणि प्रमाणपत्राची वाट बघायची. लेखक हयात नसेल तर वारसांची संमती लागते, आणि वारस दोन-तीन असतील तर एकट्याची सही पुरत नाही. परिनिरीक्षणानंतर संहितेत मोठा बदल केला, एखादा प्रवेश नव्याने लिहिला, तर ते प्रमाणपत्र तुमच्या नाटकाचं राहत नाही, हेही ते आधीच बजावतात. तिकीट लावणार असाल तर दर माणशी ५०० रुपयांपर्यंत ठेवायचा सल्ला मिळतो. नाट्यप्रयोगाच्या तिकिटाला तिथपर्यंत जीएसटीची सूट आहे. देणगी प्रवेशिका म्हणून वेगळा कागद छापण्यापेक्षा सरळ तिकीट लावा, असं ते म्हणतात, आणि ते बरोबर आहे.

तारखांची जाण तर अस्सल नागपुरी आहे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सच्या वाटा मोर्चे आणि बॅरिकेडमध्ये अडकतात आणि शहरातल्या लॉजच्या खोल्या आधीच भरलेल्या असतात. त्या आठवड्यांत डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात बाहेरगावच्या संस्थेचा प्रयोग लावायचा, तर नेपथ्याची गाडी सकाळीच आत घ्यावी लागते आणि कलाकारांची उतरायची सोय महिनाभर आधी करावी लागते. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी दीक्षाभूमीवर असते, म्हणून तेव्हा लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सोसायटीच्या बाजूला प्रयोग ठेवत नाहीत. डिसेंबर ते फेब्रुवारी शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं. हे सगळं एका भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलने मांडलेलं आहे, आणि त्या कॅलेंडरसमोर पाच मिनिटं उभं राहिलं तरी बरीच धावपळ वाचते.

सभागृह निवडताना ते गर्दीचा आकडा विचारतात आणि तो निम्मा धरतात. रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह २०१७ मध्ये सुरू झालं, आसनं सुमारे दोन हजार. संगीताच्या कार्यक्रमाला, मोठ्या सोहळ्याला उत्तम. पण तीनशे प्रेक्षकांच्या संवादी नाटकाला एवढं मोठं घर घेऊ नये, हे त्यांचं ठाम मत आहे आणि आम्हालाही ते पटतं. माइकविना बोललेल्या वाक्याचा पोत पंधरा-वीस मीटरनंतर विरतो. आवाज पोचतो, सूर पोचत नाही. घ्यायचंच झालं तर बाल्कनी बंद, मागच्या रांगा दोर लावून बंद, आणि सगळे प्रेक्षक पुढे.

नेपथ्यात एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. यांचे फ्लॅट, म्हणजे मंचावरच्या खोट्या भिंतींचे पाट, अखंड दहा फुटी नसतात. सहा आणि चार फुटांचे दोन तुकडे, मधे बिजागऱ्या, आणि बिजागरीची खीळ काढता-घालता येणारी. खिळीला सुतळीने बांधलेलं, म्हणजे अंधारात हरवत नाही. कारण साधं आहे. सामान नेणाऱ्या छोट्या हत्ती टेम्पोचा हौदा लांबीला साधारण सात फूट. दहा फुटी फ्लॅट मागे तीन फूट बाहेर लोंबतो, रस्त्यावर हादरे खातो आणि कोपऱ्यातून उलतो. तुकड्यांचा फ्लॅट पूर्ण हौद्यात बसतो. जोडाची रेघ प्रेक्षकांना दिसू नये म्हणून वरून चार इंची कापडी पट्टी, तिलाही भिंतीचाच रंग. मागून तिरका टेकू आणि त्याच्या पायावर वाळूची पिशवी. मंचाच्या फळीत खिळा ठोकायचा नाही, कारण अनामतीतून पहिली कपात तिथेच होते. दार असलेल्या फ्लॅटला दोन्ही बाजूंनी टेकू देतात. एकाच बाजूला दिला तर रागाने दार आपटण्याच्या प्रसंगात अख्खी भिंत हलते आणि प्रेक्षक प्रसंग विसरून भिंतीकडे बघतात.

प्रकाशात हिशोब चोख आहे. एक किलोवॉटचे सोळा हॅलोजन म्हणजे सोळा किलोवॉट. २३० व्होल्टला सुमारे ७० अँपिअर, तीन फेजवर वाटले तर प्रत्येकी तेवीसच्या आसपास. ही वाटणी कागदावर करून सभागृहाच्या वायरमनला आदल्या दिवशी दाखवतात. १५ अँपिअरच्या एका सॉकेटवर तीन दिवे, चौथा कधीच नाही. एक्स्टेंशनची वायर रिळावर गुंडाळलेली ठेवू देत नाहीत, पूर्ण उलगडायची. गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता बाहेर पडत नाही आणि दुसऱ्या अंकापर्यंत आवरण मऊ पडतं. ध्वनीची यंत्रणा डिमरच्या, म्हणजे दिवे मंद करणाऱ्या यंत्राच्या, लाइनवर कधीच नाही. एकाच लाइनवर आली की दिवे मंद होताना स्पीकरमधून घरघर सुरू होते, नेमकी शांत प्रसंगात.

हॅलोजन ठेवायचे की सगळं एलईडी करायचं, या वादात त्यांनी मधली वाट धरली आहे. चेहऱ्यांवर समोरून हॅलोजन, मागून, बाजूने आणि सायक्लोरामावर, म्हणजे मंचामागच्या मोठ्या पडद्यावर, एलईडी. कारण असं, की हॅलोजनची तार हळूहळू थंड होते, म्हणून प्रकाश विझताना तांबूस होत जातो आणि त्वचा जिवंत दिसते. स्वस्तातला एलईडी शेवटच्या दहा टक्क्यांत पायऱ्या उतरल्यासारखा तुटत विझतो. मृत्यूच्या किंवा निरोपाच्या प्रसंगात ते फार खुपतं. एलईडीच्या साखळीत मात्र माइकची वायर चालवून घेत नाहीत. दिव्यांना हुकूम पोचवणारी डीएमएक्सची वेगळी वायर आणि शेवटच्या दिव्याला साखळी बंद करणारं १२० ओहमचं टर्मिनेटर. ते नसलं की लांब साखळीतले शेवटचे दिवे मनाला येईल तेव्हा लुकलुकतात आणि दोष ऑपरेटरवर येतो. दिव्यापुढे लावायचा निळा रंगीत कागद, म्हणजे जेल पेपर, प्रत्येक प्रयोगाला नवा, कारण गडद निळा सर्वांत जास्त उष्णता शोषून आधी विटतो. अंबर, म्हणजे पिवळसर केशरी, दोन-तीन प्रयोग टिकतो.

स्पर्धेच्या प्रयोगाला ही सेवा सर्वांत जास्त उपयोगी पडते. राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर रंगमंच हातात येतो तो मोजक्या तासांसाठी. तेव्हा यांचा क्रम ठरलेला असतो. आधी वरचे दिवे टांगायचे, मग फ्लॅट उभे करायचे, मग दिव्यांचे कोन, शेवटी सामान. फ्लॅट आधी उभे राहिले तर शिडी सरकवायला जागा उरत नाही आणि तासभर वाया जातो. काळोखातली हलवाहलव आठ सेकंदांत बसवतात. कोणी कोणती खुर्ची कुठल्या हाताने उचलायची इथपर्यंत, आणि खुणेसाठी जमिनीवर चमकती पट्टी, नखाएवढीच. मोठी लावली तर पहिल्या रांगेला दिसते.

आता उणिवा. प्रकाशयोजना नीट असते, पण ठरीव असते. डावीकडून अंबर, रात्रीला निळा, स्वगताला वरून एक स्पॉट. कौटुंबिक नाटकाला हे शोभतं. प्रायोगिक संहिता असेल तर प्रकाशयोजनाकार तुमचा आणा, यांच्याकडून फक्त साहित्य आणि जोडणी घ्या. तसं सांगितलं तर ते मनापासून स्वीकारतात. ध्वनीची बाजू कमकुवत आहे. टांगते माइक पंख्यांचा आवाज ओढतात आणि त्यावर यांच्याकडे उपाय पंखे बंद करणे एवढाच आहे. मार्चनंतरच्या नागपुरात ज्या सभागृहात वातानुकूलन नाही तिथे तो चालत नाही. बिलात सभागृहाची अनामत आणि त्यांचं मानधन एकाच ओळीत येतं. ते वेगळं लिहून घ्या, नाहीतर अनामत परत आल्यावर हिशोब लागत नाही.

सर्वांत मोठी उणीव मात्र त्यांच्या गुणातूनच आली आहे. सगळं त्यांच्या डोक्यात आणि एका जाड डायरीत आहे. कोणत्या सभागृहाचा कोणता विजेचा पॉइंट बंद आहे, कोणता वायरमन सकाळी येतो, कोणत्या कार्यालयात अर्ज कुणाच्या टेबलावर द्यायचा, ही तीस वर्षांची कमाई दुसऱ्या कुणाच्या हाती गेलेली नाही. एकाच दिवशी दोन प्रयोग घेतले की दुसरीकडे मदतनीस जातो. तो कष्टाळू आहे, पण क्यू शीट, म्हणजे कोणत्या वाक्याला कोणता दिवा याची यादी, वाचून दिवे चालवणं आणि नटाचा श्वास ऐकून चालवणं यातला फरक लगेच दिसतो. एवढ्या अनुभवाच्या माणसाने हे ज्ञान लिहून ठेवायला हवं, तरुण पोरांना सोबत घेऊन शिकवायला हवं. विदर्भातल्या हौशी संस्थांना त्याची फार गरज आहे.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या प्रयोगासाठी ही सेवा घेऊ नका. दिवाळीनंतरच्या हंगामात वडशाच्या मंडळ्या मंडपात रात्रभराचं नाटक ज्या सफाईने उभं करतात, ती त्यांची स्वतःची पक्की पद्धत आहे आणि तिथे सभागृहाचा हिशोब लागू पडत नाही. नागपुरात किंवा वर्धा, अमरावती, यवतमाळच्या बंदिस्त सभागृहात दोन अंकी नाटक असेल तर निर्धास्त घ्या. ठरवताना तीन गोष्टी कागदावर मागा: प्रयोगाला ते स्वतः हजर राहतील, फेजची वाटणी आदल्या दिवशी मिळेल, आणि प्रयोगानंतर क्यू शीटची एक प्रत संस्थेकडे राहील. तिसरी मागणी ऐकून ते थोडे थांबतात, मग डायरी उघडतात आणि लिहून देतात.